बारशाच्या पेटीतून चोखणी काढा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, जागतिक स्तनपान सप्ताहानिमित्त आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख चांगला होता. पण चोखणीबद्दल, म्हणजे दुकानात पॅसिफायर म्हणून मिळते तिच्याबद्दल, त्यात एकच वाक्य होतं: अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊ नये. का देऊ नये, कधीपर्यंत देऊ नये, याबद्दल काही नाही. त्यावर पुढच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं की अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ स्वतःच चोखणी द्या म्हणून सांगतात, आपणच उगाच बाऊ करतो. दोघांचंही अर्धं खरं आहे. राहिलेल्या अर्ध्याचा घोळ माझ्या काउंटरवर येतो, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी फार्मासिस्ट आहे. विट्यात आमचं मेडिकल आहे, सासऱ्यांनी चालू केलेलं. औषधांबरोबर लहान मुलांच्या वस्तू पहिल्यापासून ठेवतो, कारण आसपासच्या गावांतून बाळंतिणीचं सामान न्यायला माणसं आमच्याकडेच येतात. इतकी वर्षं बघून एक गोष्ट लक्षात आली आहे. चोखणी घ्यायला बाळाची आई जवळजवळ कधीच येत नाही. ती सव्वा महिना घरातच असते. येते ती आजी, नाहीतर मावशी, आत्या, क्वचित बाप. म्हणजे चोखणी विकत घेतो तो बाळाचं रडणं ऐकणारा, त्याला पाजणारी नव्हे. रडणं थांबलं की त्याचं काम झालेलं असतं.

आणि हल्ली तर ती विकतही घ्यावी लागत नाही. बारशाच्या आहेरात आपोआप येते.

आमच्या भागातली बरीच माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायचं काम घेऊन ती देशभर पसरलेली आहेत, केरळापासून दिल्लीपर्यंत. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बारशाला बाप, काका, मामा तिकडच्या मोठ्या शहरातून येतात. येताना झबली-टोपडी आणायचे दिवस गेले. आता पारदर्शक झाकणाची मोठी पेटी येते. तिच्यात दुधाची बाटली, ती घासायचा ब्रश, पावडर, साबण, नखं कापायची छोटी कात्री, मोजे आणि मधोमध रंगीत चोखणी. पेटी दिसते सुंदर, फोटो झकास येतो. आणि ती घरात येते कधी, तर बाराव्या दिवशी. चोखणी घरात यायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही.

कारण सांगते. पहिल्या काही दिवसांत पान्हा येतो तो बाळंतपणानंतरच्या संप्रेरकांच्या बदलाने येतो, पण पुढे तो टिकतो आणि वाढतो बाळाच्या ओढण्यावर. बाळ जितक्या वेळा ओढेल, जितकी छाती रिकामी होईल, तितकं पुढचं दूध तयार होतं. हे आमच्या धंद्यासारखंच आहे: माल उचलला गेला नाही की पुढची ऑर्डर आपोआप कमी जाते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ही घडी बसते. त्या काळात बाळाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजायला लागतं, आणि संध्याकाळी तर काही बाळं तास-तास अंगावरून हटत नाहीत. घरातल्या बायकांना वाटतं दूध पुरंना झालंय. खरं तर ते बाळ उद्याच्या दुधाची सोय करत असतं. नेमक्या त्या तासाला कुणी त्याच्या तोंडात सिलिकॉनचं बोंड दिलं, की ओढायचं समाधान त्याला मिळतं, पोटात काही जात नाही, आणि आईच्या शरीराला निरोप जातो की एवढ्याची गरज नाही.

शिवाय भूक लागली की बाळ लगेच रडत नाही. आधी ते मान वळवून तोंड उघडतं, हात तोंडाशी नेतं, ओठ चाटतं. रडणं हा शेवटचा इशारा. चोखणी तोंडात असली की हे आधीचे सगळे इशारे झाकले जातात. धडधाकट बाळ ती थुंकून टाकून बोंबलतं, त्याची मला काळजी नाही. काळजी वाटते ती लहान वजनाच्या, थोड्या काविळीच्या, झोपाळू बाळाची. ते चोखतं आणि झोपतं.

एकदा एक आजी आल्या. "ताई, त्ये रबरी बोंड द्या की. पेटीतलं कुटं पडलं, घावंना."

"बाळ किती दिवसांचं?"

"नाव ठिवून आटवडा झाला."

"बारशानंतर वजन केलं का परत?"

"वजन कशाला? ते दिल्यावर चांगलं झोपतंय की. दोन-दोन वेळा पाजायची बी गरज पडत न्हाई."

हे शेवटचं वाक्य त्या कौतुकाने बोलल्या होत्या. मी चोखणी दिली नाही, लंगोट किती वेळा ओला होतो ते विचारलं. उत्तर ऐकून त्यांना तिथूनच सरकारी दवाखान्यात पाठवलं. बाळाचं वजन जन्माच्या वजनावरही परत आलं नव्हतं. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, पण साधारण दोन आठवड्यांत ते मूळपदावर यायला हवं, आणि नंतर रोज पंचवीस-तीस ग्रॅमने चढायला हवं. तिथल्या सिस्टरने आईला बसवून, बाळाचं तोंड मोठं उघडून, नुसतं बोंड नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात कसा जायला पाहिजे ते दाखवलं. बाळ वरवर चोखत होतं, आईच्या बोंडांना चिरा पडल्या होत्या, पाजताना ती दात आवळून सोसत होती, आणि म्हणून घरच्यांना चोखणी देवासारखी वाटत होती.

इथे मला आपल्या लेखापेक्षा थोडं वेगळं म्हणायचं आहे. त्या घरात बिघाड चोखणीने केला नव्हता. बिघाड आधीच होता, चोखणीने तो आठवडाभर लपवून ठेवला. अभ्यासांतूनही असंच काहीसं दिसतं. कॅनडात माँट्रियलला झालेल्या, २००१ साली छापून आलेल्या एका चाचणीत निम्म्या आयांना चोखणी टाळायला शिकवलं आणि निम्म्यांना नाही. तीन महिन्यांनी दोन्हीकडे पाजणं बंद केलेल्या आयांचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. पण त्याच आयांमध्ये चोखणी प्रत्यक्षात कोण वापरतं असं पाहिलं, तर वापरणाऱ्यांत पाजणं लवकर सुटलेलं दिसलं. संशोधकांनी अर्थ लावला तो असा की पाजण्यात अडचण असते तिथे चोखणी येते, चोखणी हे त्या अडचणीचं लक्षण आहे. मला हे अगदी पटतं. माझ्याकडे आधी चोखणीची विचारणा होते, मग बाटलीची, मग पावडरच्या दुधाच्या डब्याची. ही रांग चोखणीपासून सुरू झाल्यासारखी दिसते, पण ती सुरू झालेली असते बाळंतिणीच्या खोलीत, तिला कुणी नीट पाजायला न शिकवल्यामुळे.

मग म्हणाल, चोखणीने बिघडतच नसेल तर एवढं पत्र कशाला? तर दुसरा अभ्यास बघा, अर्जेंटिनातला, २००९ चा. त्यात हजारावर आया होत्या. निम्म्यांना चोखणी दिली, निम्म्यांना नाही. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत निव्वळ अंगावर पिणारी बाळं सुमारे ८६ टक्के. फरक शून्य. चोखणीचे पुरस्कर्ते एवढंच सांगून थांबतात. पण त्या अभ्यासात घेतलेल्या आया मुळात पाजायचंच असं ठरवलेल्या होत्या, त्यांचं पाजणं व्यवस्थित बसलेलं होतं, आणि चोखणी दिली ती बाळ पंधरा दिवसांचं झाल्यावर. आमच्या बारशाच्या पेटीतल्या चोखणीला यातली एकही अट लागू नाही.

अमेरिकेचंही तसंच. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना झोपवताना चोखणी द्यायला सांगते हे खरं आहे. झोपेत अचानक बाळ दगावण्याचे प्रकार चोखणी घेणाऱ्या बाळांत कमी दिसले, म्हणून. पण त्याच सल्ल्यात पुढे आहे की बाळ अंगावर पीत असेल तर पाजणं नीट बसेपर्यंत थांबा. आणि असंही आहे की झोपेत ती गळून पडली तर परत तोंडात कोंबू नका, गळ्यात किंवा कपड्याला दोरीने बांधून बाळाला झोपवू नका. आपले अमेरिकाप्रेमी वाचक हे पुढचं सगळं गाळतात. आमच्याकडे तर चोखणीच्या कडीत काळा दोरा ओवून ती बाळाच्या गळ्यातच घालतात. नजरही लागत नाही आणि हरवतही नाही, असा दुहेरी हिशेब. तो दोरा बघितला की माझ्या पोटात गोळा येतो. गळ्याभोवती फास बसायला तेवढा दोरा पुरतो. कुणाच्या घरी दिसला तर कृपा करून कात्री घ्या. पेटीत ती असतेच.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली स्तनपानासाठी दवाखान्यांना दहा पायऱ्या घालून दिल्या, त्यातली नववी होती: अंगावर पिणाऱ्या बाळाला कृत्रिम बोंडं किंवा चोखणी देऊ नका. आपला लेख त्या पायरीवरच उभा आहे. २०१८ साली तीच पायरी बदलून आईला बाटली, बोंडं आणि चोखणीचा वापर व धोके समजावून सांगा अशी केली गेली. नुसतं "नको" म्हणण्यापेक्षा समजावून सांगणं हे जास्त कष्टाचं काम आहे, आणि आपल्या पुरवणीने ते करावं अशी माझी अपेक्षा होती. उलट झालं असं की स्तनपानाच्या त्या लेखाशेजारी चित्र छापलं होतं ते बाटली आणि चोखणीचं! डोहाळजेवणाच्या फ्लेक्सवर तर हल्ली चोखणी असतेच, निळी नाहीतर गुलाबी. पण वर्तमानपत्राने तरी पाळण्याचं चित्र टाकावं.

चोखणीला माझा सरसकट विरोध नाही हेही सांगायला हवं. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, काचेच्या पेटीत नळीने दूध घेणारी बाळं असतात. त्यांना नळीचं दूध चालू असताना चोखायची सवय लावली तर ती लवकर स्वतः प्यायला शिकतात आणि लवकर घरी येतात. काही ठिकाणी त्यासाठी आईची पिळून रिकामी केलेली छातीच वापरतात, काही ठिकाणी चोखणी. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं, तिथे माझ्यासारखीने तोंड घालू नये.

दुसरी माणसं आमच्याच गावातली. यंत्रमागाला कांड्या भरणाऱ्या बायका. सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा २०१७ साली कायद्यात आली ती नोंदलेल्या नोकरीसाठी. कांडीवाली दीड-दोन महिन्यांत कामावर असते आणि बाळ आजीजवळ. अशा आजीने दुपारी बाळ झोपवायला चोखणी मागितली तर मी देते. महिना उलटलेला असतो, वजन वाढतंय का ते विचारते, आणि एक सांगते की पाजायची वेळ चोखणीवर ढकलू नका. आईने सकाळी दूध पिळून स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलं तर ते थंड जागी चार तास चालतं. वाटी-चमच्याने पाजा, घरात जुनं बोंडलं, म्हणजे चोचीची वाटी, असेल तर ते उकळून घ्या. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात चार तासांचाही भरवसा धरू नका. अशा बाईला चोखणी वाईट म्हणून प्रवचन देणाऱ्यांनी आधी मागाजवळ एक दुपार काढावी.

घेतलीच तर एकसंध, जोड नसलेली घ्यावी, रोज उकळावी, चीर गेली की फेकावी. पडलेली चोखणी पदराला पुसून परत तोंडात देणं बंद व्हायला हवं. बाळाने घ्यावी म्हणून ती मधात, साखरेत किंवा ग्राइप वॉटरमध्ये बुडवतात. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, चोखणीला नको आणि बोटानेही नको. मधातल्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला लुळेपणा येऊ शकतो. २०१८ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये मध भरलेल्या चोखण्यांनी चार बाळं अशी आजारी पडली आणि तिथल्या सरकारला इशारा द्यावा लागला. सहा महिन्यांनंतर चोखणीने कानाचं दुखणं वाढतं आणि दोन-तीन वर्षांपर्यंत चालू राहिली तर पुढचे दात उघडे राहतात, हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून त्यात शिरत नाही.

आता कायद्याचं. लहान मुलांच्या दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि बालआहार यांच्यासाठी १९९२ चा कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक केला. त्यामुळे दुधाच्या डब्याची किंवा बाटलीची जाहिरात करता येत नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो चालत नाही, आईचं दूध सर्वोत्तम हे छापावंच लागतं. या कायद्यात बाटली म्हणजे बाटली आणि तिला लावलेलं किंवा लावता येण्यासारखं बोंड. चोखणी बाटलीला लागत नाही, म्हणून ती या व्याख्येच्या बाहेर राहते. म्हणूनच तिच्या पुठ्ठ्यावर हसरं बाळ बिनदिक्कत असतं, आणि तिच्यासोबत बाटलीही बारशाच्या पेटीत बसून सन्मानाने घरात येते.

कायदा बदलेपर्यंत वाट बघायला नको, माझं मागणं साधं आहे. पेट्या भरणाऱ्यांनी त्यातून चोखणी आणि बाटली काढावी. त्या जागी वाटी-चमचा ठेवा, सुती लंगोट ठेवा, आईसाठी अळिवाच्या लाडवांचा डबा ठेवा, कुणाचं काही बिघडणार नाही. पेटी बदलायची नसेल तर निदान चोखणीच्या पुठ्ठ्यावर मराठीत छापा: बाळ अंगावर पीत असेल तर पहिला महिना देऊ नका. किमतीत पैशाचाही फरक पडणार नाही.

दुसरं मागणं आरोग्य खात्याकडे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. बारसं सातव्या आणि चौदाव्याच्या मधे येतं. चौदाव्या दिवसाच्या भेटीत वजन तर त्या करतातच, त्याच वेळी पाळण्यात एक नजर टाकावी आणि विचारावं की आहेरात काय काय आलं. चोखणी दिसली तर हिसकावून घेऊ नये, बाळाला अंगावर लावून बघावं. दुखतंय का, तोंड नीट उघडतं का, दिवसात सहा वेळा तरी लंगोट ओला होतो का. तिथे कळलं तर वेळेत कळतं. आमच्याकडे येईपर्यंत बरेचदा आठवडा वाया गेलेला असतो.

माझ्या दुकानापुरतं मी केलं आहे. चोखण्या काउंटरसमोरच्या हुकावर टांगलेल्या असत, त्या खणात ठेवल्या. मागितल्याशिवाय दिसत नाहीत, आणि मागितल्यावर बाळाचं वय विचारल्याशिवाय खण उघडत नाही. चार गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली असतील, घरात त्यावरून बोलणीही खाल्ली. पण एकट्या दुकानाने काही होत नाही. औषध विक्रेत्यांच्या संघटनेची आमच्या तालुक्याची बैठक दिवाळीआधी आहे, तिथे हा विषय मांडणार आहे. खानापूर, आटपाडी, कडेगावच्या दुकानदारांपैकी कुणाला हे पटत असेल त्यांनी बैठकीला यावं. पटत नसेल त्यांनी तर नक्की यावं, मुद्दे घेऊन. आणि गलाईच्या गावांहून पेट्या मागवणाऱ्या मामा-काकांनी या दिवाळीला येताना झबलीच आणावीत.

कळावे,

आपली विश्वासू,
एक महिला फार्मासिस्ट
विटा, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)